आवर्तनाची ओहोटी

भोर तालुक्याला समुद्र नाही, पण किनारा आहे, आणि तो दरवर्षी नव्याने निघतो. भाटघरचं धरण, कागदोपत्री येसाजी कंक जलाशय, पावसाळ्याच्या शेवटी तुडुंब असतं. साडेतेवीस टीएमसी पाणी. पुढे ते ठरलेल्या पाळ्यांनी, म्हणजे आवर्तनांनी, नीरेच्या दोन कालव्यांतून खाली जातं, डाव्याने बारामती-इंदापूरला आणि उजव्याने फलटण-माळशिरसला. उन्हाळी आवर्तन संपत येतं तेव्हा वेळवंडी नदीच्या खोऱ्यात पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं असतं. भेगाळलेला गाळ उघडा पडतो. बुडालेल्या शेतांचे बांध दिसू लागतात. वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असणारं कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं आणि माणसं दर्शनाला येतात. मध्येच एखादं टेकाड चारी बाजूंनी पाण्यात उरतं. बेटच ते, पण त्याला कोणी नाव ठेवत नाही, कारण जुलैत ते नसतं.

हा काठ वापरायचा कोणी आणि कसा, यावर ऐन मे महिन्यात एका पडवीत झालेला वाद इथे उतरवून काढला आहे. आत्याचं माहेर वेल्ह्याचं, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातलं; सासर वेळवंड खोऱ्यातलं. भाचा काही वर्षं अंदमानात, स्वराजद्वीपावरच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरी करून परतलेला. त्या बेटाला 2018 पर्यंत हॅवलॉक म्हणत. भाच्याला आत्याच्या जमिनीजवळ तंबू टाकायचे होते आणि आत्याचा होकार हवा होता. मी तिथे वेगळ्याच कामाला गेलो होतो. चहा मिळाला म्हणून थांबलो.

भाचा : आत्या, तू एकदा पवनेच्या काठाला जाऊन ये. शनिवार आला की तंबूच तंबू. आपल्याकडे त्याहून शांत पाणी, मागे राजगडाची माची, पुणं दोन-अडीच तासांवर. आणि आपली पोरं काय करतात? शिरवळच्या कंपनीत कंत्राटावर जातात, नाहीतर जमीन 'लेक व्ह्यू' म्हणून विकून गुंठ्यांचे पैसे मोजतात.

आत्या : पोरांचं खरं आहे तुझं. तंबू कुठं ठोकणार ते सांग.

भाचा : खाली. पाण्याला लागून. गिऱ्हाईकाला वॉटर-टच पाहिजे असतं.

आत्या : खालची जमीन माझी नाही, सरकारची आहे. माझी वरच्या अंगाला, आंब्यापासून पुढं.

भाचा : मग खाली पेरतेस कशी?

आत्या : गाळपेर आहे ती. एकसाली. पैसे भरायचे, पावती घ्यायची, पाणी उतरेल तसं खाली खाली पेरत जायचं. पाणी चढलं की संपलं. पुढल्या साली पुन्हा अर्ज.

धरणासाठी घेतलेली जमीन पाणी ओसरल्यावर काही महिन्यांसाठी कसायला देतात, ती गाळपेर. खत फारसं लागत नाही, कारण डोंगरावरची माती पावसाळाभर वाहून तिथेच बसलेली असते. शेत दर आठवड्याला थोडं लांबत जातं आणि त्याला बांध नसतो. सातबाऱ्यावरच्या शेतीहून ही शेती मला नेहमीच जास्त खरी वाटत आली आहे, कारण तिथे कोणालाच ती जमीन आपली म्हणून मिरवता येत नाही.

भाचा : बरं, तुझी गाळपेर सोडून देऊ. पण त्याच्या पलीकडं सगळं रिकामंच आहे की. ती टेकाडं, तो गाळ.

आत्या : रिकामं? उन्हं कलल्यावर जा त्या टेकाडाकडं. टिटवी डोक्यावर बसेल तुझ्या.

भाचा : टिटवी काय, कात्रजच्या प्लॉटवरही ओरडते.

आत्या : ओरडते, कारण तिथंही तिची अंडी असतील. झाड लागत नाही तिला, खोपा लागत नाही. चार खडे बाजूला सारते आणि उघड्यावर चार अंडी घालते. खड्यांत खडे. डोळ्यांपुढं असली तरी दिसत नाहीत. भर दुपारी जमीन तापली की पाण्यात जाते, पोट भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. पांघरायला नाही, गार करायला. मी बघितलंय.

(हे आत्याचं निरीक्षण पक्षी-अभ्यासकांच्या नोंदींशी जुळतं. उन्हाळ्यात टिटवीचं बसणं ऊब देण्याइतकंच अंड्यांना सावली आणि ओल देण्यासाठी असतं.)

भाचा : अंदमानात असंच होतं, पण रात्री. कासवं वाळूत वर येतात, खड्डा करून अंडी घालतात, झाकतात आणि निघून जातात. आम्हाला सक्त ताकीद असायची, काठाकडचे दिवे मालवा. पिल्लं बाहेर आली की जिकडं उजेड तिकडं धावतात. समुद्र समजून रिसॉर्टच्या जेवणघरात शिरायची.

आत्या : म्हणजे तुला ठाऊक आहे की सगळं.

भाचा : तेच सांगतोय. तिथं पर्यटनही आहे आणि कासवंही आहेत. दोन्ही चालतं.

आत्या : चालतं का? खरं बोल.

भाचा : पूर्ण नाही. लोक शंख वेचतात. आता तिथं एक खेकडा आहे, त्याला स्वतःचं कवच पुरं नसतं, तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. अंग वाढलं की मोठा शंख शोधायचा. माणसांनी शंख नेले की हा बिचारा बाटलीचं झाकण पाठीवर घेऊन फिरतो. विमानतळावर लोकांच्या पिशव्यांतून प्रवाळ काढून घ्यायचे. कुत्री कासवाची अंडी उकरायची. आणि एकदा तर राधानगरच्या किनाऱ्याजवळ मगरीनं बाईला नेलं, 2010 साली. मी नव्हतो तेव्हा, पण सगळे सांगायचे. जगातल्या सुंदर किनाऱ्यांत त्याचं नाव येतं बघ.

आत्या : आणि हरणं? बेटावर हरणं असतात म्हणे.

भाचा : चितळ आहेत. पण ती तिथली नव्हेत. इंग्रजांनी नेऊन सोडली. वाघ नाही, बिबट्या नाही, वाढतच गेली. जंगलातली कोवळी रोपं उगवतात तशी खाऊन टाकतात. तिकडच्या वनखात्याला नकोशी झालीत.

आत्या : चितळ नकोसं? इथं दिसलं तर गाव गोळा होईल.

मला इथे तोंड घालायचं होतं आणि मी घातलं. म्हटलं, तुमच्या काठावरही बाहेरचा पाहुणा आहेच. धरणात चिलापी आहे ना? ती आफ्रिकेतली. आत्या म्हणाली, असेल, पण खायला बरी लागते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथलं मूळचं काय आणि आणलेलं काय, ही विभागणी पडवीत बसून करता येत नाही, कारण खुद्द पाणीच आणलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात इथे आधी एक ठेंगणं धरण झालं, आणि त्याला पोटात घेणारं आजचं उंच धरण 1927 च्या सुमाराला उभं राहिलं. मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने ते लॉईड धरण. पाणी वर चढत गेलं तशी गावं वर सरकली. आत्याच्या सासरची मूळ जागा कुठे होती हे ती बोटाने दाखवते; बोट पाण्याकडे जातं.

भाचा : तेच तर. हे काय देवानं केलेलं तळं आहे? माणसानं केलंय. मग माणसानं वापरलं तर बिघडलं कुठं? समुद्राची गोष्ट निराळी. तिथं भरती-ओहोटी चंद्रावर. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. आमच्याकडं भिंतीवर तक्ता असायचा, पाहुण्यांना कधी पाण्यात सोडायचं त्याचा. खेकड्यांनाही तो तक्ता तोंडपाठ. इथं कसला तक्ता?

आत्या : इथंही आहे. वर्षाला एक भरती, एक ओहोटी.

भाचा : कोण ठरवतं?

आत्या : कालवा सल्लागार समिती.

आम्ही तिघंही हसलो, पण आत्या विनोद करत नव्हती. समुद्रावर जे चंद्र करतो ते इथे पुण्याच्या सिंचन भवनातली बैठक करते. उन्हाळ्याची आवर्तनं किती, कधी, किती दिवसांची, हे तिथे ठरतं. बारामतीचा ऊस आणि माळशिरसची केळी त्यावर उभी राहतात. टिटवी आणि नदी सुरय, तो राखी पंखांचा, पिवळ्या चोचीचा पक्षी, पाणी उतरलं की त्याच बैठकीच्या भरवशावर उघड्या जमिनीवर अंडी घालतात. सुरयाला धरणाची मूळ गरज नव्हती. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात वाळूची बेटं उघडी पडत आणि तो त्यावर वीण करी. धरणांनी ती वाळू बुडवली, उपसणाऱ्यांनी उरलीसुरली नेली, आणि बदल्यात जलाशयांतली ही टेकाडं मिळाली. जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत नदी सुरय आता आहे.

भाचा : मग टेकाडावर नाही जाणार आम्ही. चारी बाजूंनी पाणी आहे, कोणी जाऊही शकत नाही.

आत्या : आज नाही. शेवटचं आवर्तन सुटलं की बघ. पाणी आणखी उतरतं आणि टेकाडाला वाट फुटते. चिखलाची, मग वाळलेली. गेल्या साली त्या वाटेनं पहिली कोण गेली ठाऊक आहे? कुत्री. चार दिवसांत टेकाड साफ केलं.

भाचा : कुत्र्यांचा आणि माझा काय संबंध?

आत्या : कुत्री हवा खायला येत नाहीत. मासेमारीच्या जागी येतात, आतड्यांसाठी. तुझे पाहुणे रात्री कोंबडी भाजणार, उरलेलं तिथंच टाकणार. मग कुत्री येणार आणि तिथंच राहणार. कावळेही. अंडं सापडेपर्यंत कावळा दम धरतो.

वादात मला आत्याचा हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटला. पर्यटकाने घरट्यावर पाय देण्याची भीती सगळेच घालतात. तसं क्वचित होतं. नुकसान उष्ट्याने होतं. बिर्याणीचं उष्टं काठावर पडलं की बेट आणि काठ यांच्यातलं अंतर कुत्र्यासाठी कमी होतं, आणि आवर्तनाने ते आणखी कमी होतं. दोन गोष्टी एकाच महिन्यात जुळून येतात, आणि तो महिना विणीचाही असतो. टिटवीची अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. मेच्या सुरुवातीला घातलेली अंडी मृगाच्या तोंडावर फुटतात. पिल्लं त्याच दिवशी चालू लागतात. त्यानंतर डोंगरात पाऊस धरला की काठ भराभर वर चढतो. म्हणजे टिटवीला मुदत अशी काय ती एप्रिल-मेची. भाच्यालाही तीच. शाळांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात.

भाचा : ठीक आहे, आता मी विचारतो. गाळपेर करताना नांगर चालतो ना? ढोरं चरायला सोडता ना? त्यांच्या पायाखाली किती अंडी गेली, त्याचा हिशेब कोणी ठेवला? पाहुणे तरी शनिवार-रविवार. तुमची ढोरं रोज.

आत्या : बैलाचा नांगर होता तेव्हा टिटवी पुढं येऊन फडफडायची, पंख मोडल्यासारखं करायची. आमचे हे तिथं काटकी रोवायचे आणि तेवढी जागा सोडून तास पुढं न्यायचे.

भाचा : आणि आता?

आत्या : आता ट्रॅक्टर.

भाचा : ट्रॅक्टर कोणाचा?

आत्या : भाड्याचा.

भाचा : सांगतो कोण त्याला, तू की मी?

आत्या : (बराच वेळ सुपारी कातरत) डायवरला टिटवीचं ओरडणं ऐकू येत नाही. ते खरं आहे.

इथे भाच्याने बाजी मारली, हे नोंदवायला हवं. शेतकरी म्हणजे आपोआप निसर्गाचा राखणदार, आणि पर्यटनवाला म्हणजे आपोआप लुटारू, ही आपल्या लेखांतली सोयीची मांडणी या पडवीत टिकली नाही. तरीही आत्या ज्या काठीची गोष्ट सांगत होती, ती एक रीत होती आणि तिला खर्च शून्य होता. तंबूंना अशी कोणती रीत असेल, हा प्रश्न भाच्याने अजून स्वतःला विचारलेला नव्हता.

मी कोकणातल्या वेळास गावचा विषय काढला. भोरहून वरंध घाट उतरून महाड, तिथून मंडणगड तालुका. रस्ता चालू असेल तर फार लांब नाही. वेळासला कासवाची अंडी पूर्वी लोक खात आणि विकत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने 2002 मध्ये तिथे काम सुरू केलं. किनाऱ्यावरची ऑलिव्ह रिडलेची अंडी कोल्हे-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी कुंपणाआड हलवायची, पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचंच जेवतात. पिल्लं निघतीलच याची हमी कोणी देत नाही.

भाचा : दादा, कासव विकलं जातं. पिल्लू समुद्राकडं धावतं, लोक टाळ्या वाजवतात, पोरं फोटो काढतात. टिटवी बघायला दीड हजार रुपये कोण देणार?

आत्या : टिटवी समुद्र आटवते, एवढं तरी शाळेत शिकलास की नाही?

भाचा : म्हण आहे ती.

आत्या : म्हणीच्या मागं गोष्ट आहे. समुद्रानं तिची अंडी नेली. तिनं गरुडाकडं गाऱ्हाणं नेलं, गरुडानं विष्णूकडं. मग समुद्रानं निमूटपणे अंडी परत दिली. आणि ती उंचावर अंडी घालते त्या साली पाऊस जोराचा, असंही आमच्याकडं म्हणतात.

भाचा : खरं ठरतं?

आत्या : कधी ठरतं, कधी नाही. हवामानखात्याचंही तसंच की.

टिटवीची अंडी आणि पाऊस यांचा मेळ कोणी मोजून दाखवल्याचं माझ्या वाचनात नाही, पण धरणाच्या काठावर त्या समजुतीला निराळा अर्थ येतो. पाणी उशिरा उतरलं की उघडी जमीन वरच असते आणि अंडीही वरच पडतात. मागच्या पावसाचा निकाल पुढच्या पावसाचं भाकीत म्हणून वाचला जात असेल.

भाचा : ही गोष्ट तू पाहुण्यांना सांगशील?

आत्या : आधी दुसरं सांगेन. पाण्यात उतरू नका.

हे ती आवाज न चढवता म्हणाली, आणि विषय थांबला. मे 2022 मध्ये याच जलाशयात पाच तरुणी बुडाल्या होत्या. समुद्राची वाळू बहुधा उतरत जाते. पाय टाकला की अंदाज येतो. इथे तसं नाही. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे गेलं की बुडालेल्या बांधाची कड संपते, किंवा जुनी विहीर लागते, किंवा नदीचं मूळ पात्र. गाळात पाय रुततो आणि ओढला की दुसरा रुततो. पोहणाऱ्यालाही कळत नाही. वॉटर-टच हा शब्द जाहिरातीत गोड वाटतो, पण या काठाला हात लावण्यापूर्वी त्याचा तळ ज्याला पाठ आहे अशा माणसाला विचारावं लागतं. वेळवंडच्या काठाला अशी माणसं आहेत. मासे धरणारी, गाळपेर करणारी, जुन्या गावाच्या विहिरी आजीकडून ऐकलेली.

भाचा : मग तुझं म्हणणं काय? नकोच?

आत्या : मी कुठं नको म्हटलं? वर टाक. आंब्याखाली. माझीच जमीन आहे, भाडं दे. पाणी दिसतं तिथून.

भाचा : दिसतं, पण लांब.

आत्या : श्रावणात ये, दहा पावलांवर येईल.

भाचा : श्रावणात तंबूत कोण राहतं?

आत्या : मग सोप्यात ठेव. पडवी आहे, दोन खोल्या आहेत. भात, आमटी, खेकड्याचा रस्सा. पहिल्या पावसाला खेकडे बाहेर येतात, ओढ्याला चढणीचे मासे लागतात. ते बघायला नाही येणार कोणी?

भाचा : येतील. पण मे महिन्याचं बुकिंग गेलं की वर्ष गेलं, आत्या. तू धंदा केला नाहीस.

आत्या : मेमध्येही आण. उष्टं खड्ड्यात पुरायचं. दहाच्या पुढं दिवे नाहीत, गाणी नाहीत. टेकाडाला वाट फुटली की तिथं काट्याकुट्याचं कुंपण घालायचं, तुझ्या पोरांनी. कुत्री अडली तरी पुष्कळ. आणि काठावर फिरवून आणायला माणूस बरोबर पाहिजे.

भाचा : दिवे-गाणी नाहीत म्हणजे निम्मं गिऱ्हाईक गेलं.

आत्या : ते पवनेला जाऊ दे.

भाचा पेन काढून कागदाच्या पाठीवर हिशेब मांडू लागला. आंब्याखाली किती तंबू बसतील, खोल्यांना रंग काढावा लागेल, संडास आणखी एक बांधावा लागेल. त्याचा चेहरा पटल्यासारखा नव्हता, पण आकडे मांडणारा माणूस नाही म्हणायला निघालेला नसतो. मी विचारलं, ट्रॅक्टरचं काय? आत्या म्हणाली, या साली नांगरायच्या आधल्या दिवशी ती स्वतः रान फिरून काट्या रोवेल. डायवरला टिटवी ऐकू येत नसली तरी काटी दिसते.

भाचा : काठ फिरवून आणायला तूच ये ना बरोबर. लोकांना आवडेल.

आत्या : मेमध्ये मला सवड नाही. गाळपेरीची काकडी निघते.

भाचा : मग तीच पाहुण्यांना विकू.

आत्या : आता धंद्याचं बोललास. पण भाव मी ठरवणार, तू नाही.